छापील ‘स्वमत’ आणि फळीवरचा हिशेब

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा एक प्रश्न असतो. कवितेबद्दल, उताऱ्याबद्दल विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटते ते त्याने आपल्या शब्दांत लिहायचे. प्रश्न चांगला आहे. पण कुठल्याही तालुक्याच्या गावी पुस्तकांच्या दुकानात जा आणि गाईड उघडून पाहा. त्यात ‘स्वमत’ तयार छापलेले असते. आमच्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका मुलीने मागे मला तिचे स्वमत घडाघडा म्हणून दाखवले. स्त्री-पुरुष समानतेवरच होते, भाषाही झकास होती. “हे तुला खरंच वाटतं का गं?” असे विचारल्यावर ती गोंधळली. म्हणाली, “ताई, हे उत्तर आहे ना.”

मैत्रिणींनो, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून या भागात काम करते आहे. बचतगट, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी, वनहक्काचे दावे ही माझी रोजची कामे. शाळेत मी पहिल्यांदा गेले ती आठवीनंतर मुली गळतात का, हे शोधायला. पुढे वर्गात मागे बसून पाहायची सवय लागली. आणि एक गोष्ट सारखी खटकू लागली. ग्रामसभेत ज्या बाया भिंतीला टेकून गप्प बसतात, त्या गप्प बसायला शिकतात कुठे? घरात शिकतात हे आपण सगळ्या जाणतो, त्यावर पुष्कळ लिहितो-बोलतो. शाळेचे नाव मात्र आपण त्या यादीत सहसा घालत नाही. शाळा म्हटले की आपल्याला मुक्तीचे दारच दिसते.

शाळेतल्या प्रश्नाचे उत्तर आधीच कुणाकडे तरी असते. गुरुजींकडे, पुस्तकामागच्या पानावर, गाईडमध्ये. मुलीचे काम ते ओळखून काढण्याचे. ज्या मुली हे काम नीट करतात, वळणदार अक्षरात, वहीला कव्हर घालून, त्यांना आपण हुशार म्हणतो. घरातही त्यांच्याकडून हीच अपेक्षा असते: मोठ्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचे आणि तसे वागायचे. म्हणजे घराचा आणि शाळेचा धडा एकच.

याला तोड म्हणून काही शिक्षक मुक्तोत्तरी प्रश्न देतात. एकच बरोबर उत्तर नसलेला, अनेक वाटांनी सोडवता येणारा, आणि सोडवणाऱ्याला कारण द्यावे लागणारा प्रश्न. अशी एक तासिका मी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाहिली, ती थोडी सविस्तर सांगते.

इकडे एप्रिल-मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे बाया जंगलात जातात, दुपारपर्यंत पाने घेऊन येतात, मग घरातली सगळी माणसे, पोरेटोरेसुद्धा, पुडे बांधायला बसतात. संध्याकाळी पुडे फळीवर जातात, तिथे मोजणी होऊन कार्डावर आकडा चढतो. सत्तर पानांचा एक पुडा. गणिताच्या तासाला यावर प्रश्न देणे नवीन नाही. एका पुड्यात ७० पाने, तर १०० पुड्यांत किती? ७,०००. बरोबर, बसा खाली.

त्या दिवशी मॅडमनी सातवीच्या फळ्यावर वेगळा प्रश्न लिहिला. एका घरी दिवसभरात १०० पुडे झाले. पाने आईने आणि आजीने तोडली. पुडे त्या दोघींनी आणि सहावीतल्या मुलीने बांधले. वडिलांनी ते सायकलवरून फळीवर नेले. कार्ड त्यांच्या नावावर आहे. आलेली मजुरी कशी वाटाल? कारण लिहा.

सुरुवातीला वर्ग नुसता बघत राहिला. “मॅडम, कोणतं गणित लावायचं? भागाकार का गुणोत्तर?” मॅडम म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. हे ऐकून दोनतीन जणींनी शेजारणीच्या वहीत डोकावायला सुरुवात केली. त्यांना दोष कसा द्यायचा? सात वर्षे त्यांना हेच शिकवले होते.

मग हळूहळू उत्तरे येऊ लागली. काहींनी सरळ चार सारखे वाटे केले. एका मुलाने सगळे पैसे वडिलांना दिले, कारण कार्ड त्यांचे. एका मुलीने प्रत्येकाचे तास मांडले. माय पहाटे चारला उठली, आजी तिच्यासंगं गेली, पोरगी दुपारी बसली, बाबांना फळीवर जाऊन यायला दीड तास. आणि तासांच्या प्रमाणात वाटणी केली. गुणोत्तराचा धडा वर्गात आदल्या महिन्यात झाला होता, तो कुणी न सांगता तिने वापरला. दुसरीने हिशेब पुड्यांवर धरला: कोणी किती बांधले ते मोजा. त्यावर एकजण म्हणाला, आजीचे हात हळू चालतात, तिला कमी द्यायचे का? वर्गात भांडणच लागले. आणि मागच्या बाकावरून, आतापर्यंत एक अक्षर न बोललेल्या मुलीने विचारले, “पन मॅडम, त्या दिवशी घरी सैपाक कोनं केला?”

फळ्यावर ती व्यक्ती नव्हती. मॅडमनी खडू तिच्या हातात दिला आणि तिने प्रश्नात एक ओळ वाढवली: मोठी बहीण घरी राहिली, तिने स्वयंपाक केला, लहान भावाला सांभाळले. आता वाटेकरी पाच. सगळ्यांना गणित पुन्हा करावे लागले.

न मोजलेल्या घरकामावर आपण किती शिबिरे घेतो! चोवीस तासांचे घड्याळ काढतो, चार्ट लावतो, शेवटी आपणच सांगतो की बाईचे काम मोजले जात नाही, आणि बाया मान डोलावतात. सातवीतली मुलगी तिथे स्वतःच्या पायांनी पोचली, तीही वर्गासमोर, मुलांच्या देखत. मला सर्जनशीलता म्हणायची ती याला. हस्तकलेच्या तासाला आईसक्रीमच्या काड्यांचे घर करणे म्हणजे सर्जनशीलता, असे शाळांतून समजले जाते, आणि सगळी घरे सारखीच होतात.

हा विचार कुणाच्या घरचा नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शिगेरू शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितात अशा प्रश्नांवर पद्धतशीर काम केले. आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात, १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुले स्वतः प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः काढीत, परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती. तो वाढला, जिल्हाभर गेला, एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबू शकते, हेही लक्षात ठेवायला हवे.

‘पिसा’ ही १५ वर्षांच्या मुलामुलींची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०२२ च्या फेरीत तिने सर्जनशील विचार पहिल्यांदा तपासला, निकाल २०२४ मध्ये आला. एकाही देशात मुलगे मुलींच्या पुढे नव्हते. भारत त्या फेरीत नव्हता. पण मुलींची बुद्धी पाठांतराची, डोके चालवायचे ते मुलांनी, हे जे आपल्याकडच्या शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर सहज बोलले जाते, त्याला जगात कुठे आधार नाही एवढे तरी कळले.

आता आपल्याच कार्यकर्त्या मैत्रिणींचा आक्षेप. “शाळेत शिक्षक पुरे नाहीत, शौचालयाला पाणी नाही, पोरी रोवणीच्या दिवसांत महिनाभर येत नाहीत, आणि तू सर्जनशीलतेच्या गोष्टी करतेस? ही शहरातल्या फीवाल्या शाळांची चैन आहे.” हे मला जवळच्या मैत्रिणीनेच सुनावले. शौचालयाचे पाणी आधी यायला हवे, यात वाद नाही. पण ज्यांच्याकडे काही नाही त्यांना आधी पाठांतर, विचार नंतर, हा क्रम मला मान्य नाही. तो फार जुना क्रम आहे आणि कुणाच्या सोयीचा होता हे आपल्याला ठाऊक आहे.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत तिचे शिक्षण झाले होते ते तीन वर्षांचे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसते हे लिहिले, आणि वेद वाचायचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न सरळ देवालाच विचारला. असे उत्तर कुठल्या पुस्तकात असणे शक्यच नव्हते. त्या शाळेत शौचालय होते का, शिक्षक पुरेसे होते का, याची चौकशी आपण करीत नाही. तिथे मुक्ताला तिच्या जगण्याबद्दल बोलायची मुभा होती, आणि ती जे बोलली ते छापण्याजोगे मानले गेले.

मात्र प्रश्न मोकळा ठेवला की मुली आपोआप बोलतात, असे समजू नका. उलटेही होते. बंद प्रश्नाला निदान हजेरीच्या क्रमाने सर्वांना उभे करतात. मोकळा प्रश्न टाकला की पहिल्या दोन बाकांवरची मुले ओरडून बोलतात आणि तास त्यांचाच होतो. मी पाहिलेले एक उदाहरण सांगते.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एकाच गावच्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर कितीतरी दिवस इथल्या घरांत दुसरा विषय नव्हता. त्या गावापासून दूरच्या एका शाळेत, बऱ्याच महिन्यांनी, एका गुरुजींनी आठवीला प्रश्न दिला: पुढच्या हंगामात आपल्या गावच्या बाया जंगलात जातील, तेव्हा काय काय करता येईल? (ज्या गावात घटना घडली तिथे हा प्रश्न वर्गात टाकू नये असे माझे स्पष्ट मत होते, आणि गुरुजींचेही.)

पहिल्या पाच मिनिटांत मुलांनी दोन उत्तरे देऊन विषय संपवला. वाघाला पिंजऱ्यात टाका. बायांनी जंगलात जाऊच नये. पहिले उत्तर आपले पुढारीही देतात. दुसरे गावातले जाणते पुरुष देतात. मुली खाली बघत होत्या.

गुरुजी समजूतदार होते. त्यांनी बोलणे थांबवले आणि कागद वाटले. दहा मिनिटे कुणी बोलायचे नाही, प्रत्येकाने लिहायचे किंवा चित्र काढायचे, नाव घालायचे नाही. मग ते कागद त्यांनी स्वतः वाचले, एकालाही ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ न म्हणता. वर्गाचा नूरच बदलला. दहा जणींनी मिळून जायचे आणि दोघींनी पाने न तोडता फक्त पहारा करायचा, पण त्या दोघींची मजुरी सगळ्यांनी मिळून भरायची. फटफटीत उजाडल्याशिवाय निघायचे नाही. आदल्या संध्याकाळी वनरक्षकाने गावात येऊन कुठल्या बाजूला वाघ दिसला ते सांगायचे. एकीने लिहिले होते की वाकलेली माय वाघाला जनावर वाटते, म्हणून पाठीमागे तोंडाचा मुखवटा बांधायचा. वर्ग हसला. गुरुजींनी सांगितले की बंगालच्या सुंदरबनात १९८० च्या दशकात लोकांनी खरोखर असे मुखवटे डोक्यामागे बांधले होते, काही काळ त्याचा उपयोगही झाला. हसू थांबले. मग प्रश्न निघाला: काही काळच का? वाघाला कळले असेल का?

एका कागदावर एकही अक्षर नव्हते. नकाशा होता. गावाबाहेरची बोडी, मामा तलाव, नाला, आई कुठल्या वाटेने जाते, मोह कुठे आहेत, पाणी प्यायला जनावरे कुठे येतात. तो कुणाचा ते आम्हाला नंतर कळले. ती मुलगी दर परीक्षेत नापासाच्या काठावर असते.

आणि “बायांनी जाऊच नये” हे उत्तर? तेही फळ्यावर राहिले. मोकळ्या प्रश्नात सगळी उत्तरे सारखीच, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक उत्तराला वर्गापुढे उभे राहून प्रश्न झेलावे लागतात. एका मुलीने विचारलेच, “मंग तेला-मिठाचे पैसे कोन देईल?” ज्याने ते लिहिले होते तो (नाव नव्हते तरी तो कोण ते सगळ्यांना कळले) थोडा विचार करून म्हणाला, “मंग आम्ही संगं जाऊ.” हे पुरे उत्तर नाही, पण दहा मिनिटांपूर्वीच्या जागेवर तो राहिला नव्हता.

सर्जनशीलतेबद्दल बोलताना आपण ती देणगी समजतो, एखाद्याला असते, एखाद्याला नसते. आमच्या भागातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घ्या. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या शेतातल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले, आणि त्यातून एचएमटी हे वाण आले. नाव त्या काळच्या घड्याळावरून पडले. पुढे कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले आणि श्रेयावरून मोठा वाद झाला. २००५ मध्ये दादाजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी आणखीही वाणे काढली होती.

या गोष्टीतली बारीक नजर मला नवलाची वाटत नाही. पऱ्हे उपटणाऱ्या, रोवणी करणाऱ्या, निंदण करणाऱ्या, धान कापणाऱ्या बायांच्या हातांखालून प्रत्येक रोप जाते. वेगळी लोंबी त्यांना दिसत नसेल हे मी मानायला तयार नाही. पण वेगळी दिसलेली लोंबी वेगळी पेरायला जमिनीचा एक तुकडा लागतो, आणि “हे काय खूळ काढलंस” म्हणून कुणी ती उपटून टाकणार नाही अशी खात्री लागते. दादाजी गरीब होते, दलित होते, त्यांना पुष्कळ सोसावे लागले, तरी तेवढा तुकडा त्यांच्या हातात होता. मजुरीने दुसऱ्याच्या बांधीत वाकलेल्या बाईकडे तो नाही. मुलींसाठी असा एक तुकडा शाळेत तरी राखून ठेवता येईल की नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

जागा शोधायची तर आहे. २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे. बऱ्याच शाळांत त्या दिवशी कवायत, गाणी आणि साफसफाई होते, आणि साफसफाईत झाडू कुणाच्या हातात असतो ते सांगायला नको. दुसरी जागा शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया बंधनकारक केल्या. आपल्या बचतगटांतल्या कितीतरी जणी त्यात आहेत. त्यांच्याकडे रजिस्टर येते, त्या सही करतात, फार तर खिचडीत आळ्या निघाल्या तर बोलतात. “शिकवण्यातलं आम्हाला काय कळतं?” हे त्या म्हणतात आणि मुख्याध्यापकही आनंदाने मान्य करतात.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे नाव आपण घेतो ते तिथल्या जंगलहक्कासाठी. पण तिथे निर्णयाआधी अभ्यासगट बसत आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वानुमते होत. ज्यांच्याकडे तयार उत्तर नव्हते अशा माणसांनी एकत्र बसून विचार केला होता. समितीतल्या बायांनी वर्गातले शिकवणे तपासायची गरज नाही. दर महिन्याला एकच विचारावे: गुरुजी, या महिन्यात माझ्या लेकीला असा कोणता प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर तुम्हाला आधी माहीत नव्हते?

तीन गावांत हे सुरू केले आहे. दोन ठिकाणी बैठकीचा कोरमच भरत नाही. तिसऱ्या ठिकाणी हा प्रश्न एका सदस्य बाईने विचारला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “असा प्रश्न तुम्हीच सुचवा.” चिमट्यात पकडल्यासारखे झाले. ती थोडा वेळ पदराशी चाळा करीत राहिली आणि म्हणाली, “रोवणीच्या दिवसांत पोरीला घरी ठेवावं का शाळेत धाडावं?” सर हजेरीचे नियम सांगू लागले. ती म्हणाली, “तुम्हाला नाही जी, पोरींनाच विचारा.”

पुढच्या शनिवारी पाचवी ते सातवीला तो प्रश्न दिला. मी उत्तरे वाचली आहेत. एक दिवस बहीण, एक दिवस भाऊ, अशी पाळी लावा. रोवणीचे पंधरा दिवस शाळा सकाळी सातला भरवा. लहान भावंडांना शाळेत आणू द्या, मग आम्ही येतो. रोवणीची मजुरी वाढवा, मग माय आम्हाला नेणार नाही. एका मुलाने लिहिले होते की तो घरी राहायला तयार आहे, त्याला शाळा तशीही आवडत नाही.

सकाळच्या शाळेचा अर्ज समितीने केंद्रप्रमुखांकडे दिला आहे. अजून त्यावर काही कळलेले नाही.